तळटीप : व्हीसीडी आणि अंडाशय
* व्हीसीडी म्हणजे ४-व्हिनिलसायक्लोहेक्सीन डायएपॉक्साइड. त्याचे मूळ द्रव्य व्हीसीएच, म्हणजे ४-व्हिनिलसायक्लोहेक्सीन. ब्युटाडाईनचे दोन रेणू जुळून ते तयार होते. व्हीसीएच माऊसला दिले की यकृतात त्याचे व्हीसीडी बनते आणि अंडाशयातील अंडपुटकांचा खरा घात ते व्हीसीडी करते. रॅटच्या यकृताला हे रूपांतर फारसे साधत नाही, म्हणून व्हीसीएच देऊनही त्याची अंडपुटके बहुतांशी शाबूत राहतात. थेट व्हीसीडी टोचले, तर मात्र दोन्ही प्राण्यांत हानी होते.

हे रसायन वाढीला लागलेली मोठी पुटके सोडून आद्य आणि प्राथमिक पुटके मारते. आद्य पुटकांचा साठा आयुष्याच्या आरंभीच ठरतो. मोठी पुटके वाचल्यामुळे सुरुवातीला मदचक्र नियमित चालते, प्राणी धडधाकट दिसतो. मोठी पुटके संपल्यावर त्यांची जागा घ्यायला मागे काही उरलेले नसते. मग एफएसएच हे पुटके वाढवणारे संप्रेरक वाढते, चक्र बंद पडते. ॲरिझोना विद्यापीठात पॅट्रिशिया हॉयर आणि सहकाऱ्यांनी यावर दीर्घकाळ काम केले. रजोनिवृत्तीसारखी ही अवस्था प्रयोगात घडवण्यासाठी माऊसला वजनाच्या दर किलोमागे १६० मिलिग्रॅम, रोज, १५ दिवस, ही रूढ मात्रा. अंडाशय कापून काढण्यापेक्षा ही पद्धत स्त्रियांच्या रजोनिवृत्तीला कितीतरी जवळची आहे, कारण अंडाशय जागेवर राहते आणि अँड्रोजेन स्रवत राहते.

तेव्हा मदचक्र सुरळीत आहे एवढ्यावरून कोणतेही रसायन निर्धोक ठरवू नये. आद्य पुटके मोजावीत. — संपा.