कार्डांचा पिंजरा

स्वयंपाकघरातले ताटाळे आपण रोज पाहतो. ताटे उभी राहतात, त्यांच्यामधून वारा खेळतो आणि हवे ते ताट बाकीच्यांना धक्का न लावता काढता येते. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या मिनीसंगणकाचे झाकण उघडले, तर आत असेच ताटाळे दिसे. तंत्रज्ञ त्याला 'कार्ड केज', म्हणजे कार्डांचा पिंजरा, म्हणत. संगणकाचा इतिहास शिकवताना आपण ट्रांझिस्टर आणि चिप यांवर थांबतो. या पत्र्याच्या पिंजऱ्याकडे लक्ष जात नाही. पण यंत्र कोणी दुरुस्त करायचे आणि कोणी वाढवायचे, हे बऱ्याच अंशी त्यानेच ठरवले. ते कसे, ते पाहू.

पिंजऱ्याबाहेरची चौकट संगणकापेक्षाही जुनी आहे. टेलिफोन केंद्रांतली उपकरणे १९ इंच रुंदीच्या लोखंडी चौकटींत बसवत. मिनीसंगणकाच्या कारखानदारांनी तेच माप उचलले. त्यामुळे एकाचा संगणक आणि दुसऱ्याचे उपकरण एकाच कपाटात स्क्रूने बसवता येऊ लागले.

१९५७ साली केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी अमेरिकेतल्या मेनार्ड गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डेक) ही कंपनी काढली. आरंभी ती संगणक विकत नव्हती. सर्किटांचे सुटे भाग विकत होती. पुढे तशाच सुट्या भागांतून संगणक उभे राहिले. १९६५ सालचा १२ बिटांचा पीडीपी-८ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. किंमत १८,००० डॉलर. त्या काळी ही स्वस्ताई होती!

पीडीपी-८ मध्ये तळहाताएवढी अनेक कार्डे होती आणि एकेका कार्डावर मोजकीच सर्किटे. कार्डांना जोडण्याचे काम पिंजऱ्याची पाठ, म्हणजे बॅकप्लेन, करी. तिथे खिळ्यांसारख्या चौकोनी पिनांचे रान असे आणि पिनेपासून पिनेपर्यंत तारा गुंडाळलेल्या. डाख दिलेला नसे. तार ताणून गुंडाळली की पिनेचे धारदार कोपरे तिच्यात रुततात आणि पक्का जोड तयार होतो. हे काम यंत्रे करीत.

यात एक मेख होती. संगणकाची सारी रचना त्या तारांत गोठलेली असे. अमुक खाच अमुक कार्डाचीच. नवे उपकरण जोडायचे, तर त्याच्यासाठी पाठीमागे वायरिंग हवेच.

पीडीपी-८ च्या रचनेत मोठा वाटा असलेले एडसन डी कॅस्ट्रो १९६८ साली डेकमधून बाहेर पडले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी डेटा जनरल ही कंपनी काढली. १९६९ च्या त्यांच्या नोव्हा संगणकात १५ इंच लांब-रुंद असे मोठे बोर्ड होते आणि सारा प्रोसेसर अशा दोनच बोर्डांवर मावला. बोर्ड मोठा, म्हणून पाठीमागच्या तारा कमी.

डेकचे उत्तर १९७० मध्ये आले. पीडीपी-८/ई मधल्या 'ऑम्निबस'च्या सर्व खाचा सारख्याच जोडलेल्या होत्या. जवळजवळ कोणतेही कार्ड कोणत्याही खाचेत चाले. पीडीपी-११ च्या 'युनिबस'वर स्मृती आणि उपकरणे ५६ तारांच्या एकाच सामायिक रस्त्यावर आली. संकेतांचे नियम डेकने पुस्तिकांत छापले. मग प्रयोगशाळेतला तंत्रज्ञही स्वतःचे कार्ड बनवून खाचेत बसवू लागला.

रस्ता एकच, तर आधी जायचे कोणी? उपकरणे मागणी करीत आणि प्रोसेसर 'परवानगी'चा संकेत सोडी. तो एका खाचेतून दुसरीत, असा हातोहात पुढे जाई. ज्याला हवा तो ठेवून घेई, बाकीचे पुढे ढकलत. म्हणजे एकाच पातळीच्या उपकरणांत प्रोसेसरजवळच्याचा मान पहिला. पण मधली खाच रिकामी असेल तर? साखळी तुटे! म्हणून रिकाम्या खाचेत, आरपार जोडणीपलीकडे काहीही नसलेले एक छोटे कार्ड घालावे लागे. ते विसरले की पुढची चांगली कार्डे मुकी होत. दोष कार्डात नसून रिकाम्या जागेत असे.

विजेचे गणितही पाहा. त्या काळच्या टीटीएल चिपांना ५ व्होल्ट लागत आणि फरक चाले फक्त ०.२५ व्होल्टचा. भरलेला पिंजरा २० अँपिअर घेत असेल आणि तारेचा रोध जेमतेम ०.०१ ओहम असेल, तरी ०.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. म्हणून वीजपुरवठा पिंजऱ्याला खेटून ठेवत आणि तारा जाड वापरत. शिवाय ५ × २० म्हणजे १०० वॉट उष्णता. ती बाहेर काढायला पंखे. ओहमचा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

हा प्रवाह आपल्याकडेही आला. १९६९ च्या सुमारास तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ हा १२ बिटांचा संगणक घडला आणि हैदराबादच्या ईसीआयएलने तो बाजारात आणला. त्याच्या नावातला 'टी' तुर्भ्याचाच, म्हणजे ट्रॉम्बेचा.

पुढे रस्ते दोन झाले. १९७५ च्या अल्टेअरने १०० जोडांची खाच आणली आणि इतरांनी तिच्यासाठी कार्डे बनवली. १९८१ च्या आयबीएम पीसीत पाच खाचा होत्या आणि तिची सर्किटे छापलेली होती. उलट, डेकने १९८० च्या दशकात आपल्या व्हॅक्ससाठी आणलेल्या नव्या बसला परवान्याचे कुंपण घातले. १९९८ साली कॉम्पॅकने डेक विकत घेतली. त्याला कारणे अनेक होती. पण ज्या मोकळ्या खाचांवर कंपनी वाढली होती, त्यांना तिनेच दार लावले, हे विसरता येत नाही.

वर्गात एक खेळ घ्या. दहा मुले ओळीत उभी करा आणि 'परवानगी'ची चिठ्ठी पहिल्याच्या हाती द्या. ज्याचे काम असेल त्याने ती ठेवावी, नाहीतर पुढे द्यावी. मग मधल्या एकाला बाजूला करा आणि जागा तशीच रिकामी ठेवा. चिठ्ठी अडेल. 'आता काय करायचे?' हे मुलांनाच विचारा. मिनीसंगणकाच्या अभियंत्यांनी काढलेला उपाय त्यांतले कोणी ना कोणी नक्की सांगेल.