साकाईच्या सुऱ्या : वारसा तरवारीचा की पटाशीचा?

जपानी स्वयंपाकघरातील सुरी ही सामुराईंच्या तरवारीची वंशज होय, असे सर्वसाधारणपणे मानण्यात येते. त्यास आधार म्हणून १८७६ च्या शासकीय आज्ञेकडे बोट दाखविले जाते. या आज्ञेने सैनिक, पोलीस इत्यादी अपवाद वगळता इतरांस सार्वजनिक ठिकाणी तरवार बाळगण्याची बंदी झाली. अनेक तरवारकारांचा धंदा बसला व त्यांपैकी काहीजण सुऱ्या आणि अवजारे घडविण्याकडे वळले. ही घटना खरी आहे. परंतु तीवरून काढलेला निष्कर्ष पात्याच्या घडणीशी जुळत नाही.

ओसाकाच्या दक्षिणेस असलेल्या साकाई या बंदराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गोव्याहून मलाक्का व मकावमार्गे जपानला पोहोचलेल्या पोर्तुगीज व्यापाराबरोबर तेथे तंबाखू आली. पान केसासारखे बारीक कातरण्यासाठी सुऱ्या लागू लागल्या व साकाईच्या कारागिरांनी तो धंदा हस्तगत केला. पुढे तोकुगावा शासनाने त्यांच्या मालास मुद्रा व मक्ता दिला. मासळी चिरण्याची ‘देबा’ सतराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे तरवारबंदीच्या सुमारे दोन शतके आधीच प्रचारात आली होती.

कालक्रमापेक्षाही पात्याचा छेद अधिक बोलका आहे. तरवारीचा उतार सामान्यतः दुतर्फी असतो. तिच्या दोन्ही बाजू सारख्याच व किंचित फुगीर ठेवलेल्या असतात, कारण तिला आघात सोसावयाचा असतो. देबा, भाजीची ‘उसुबा’ व कच्च्या मासळीचे काप काढणारी ‘यानागिबा’ यांचा उतार मात्र एकतर्फी असतो. कठीण पोलाद एका बाजूस व मऊ लोखंड दुसऱ्या बाजूस जोडलेले असते आणि पोलादाची बाजू किंचित पोकळ घासलेली असते. हीच तीन लक्षणे जपानी सुताराच्या पटाशीत व रंध्याच्या पात्यात आढळतात. तेव्हा घासणीच्या दृष्टीने या सुरीचे नाते योद्ध्याच्या शस्त्राशी नसून सुताराच्या हत्याराशी आहे. नारा येथील शोसोइन भांडारातील आठव्या शतकातील सुऱ्या तरवारीसारख्या लांबट आहेत हे खरे. परंतु बाह्याकृतीचे साम्य म्हणजे घासणीचे साम्य नव्हे.

एकतर्फी उताराची निवड कामाच्या स्वरूपातून झाली. कच्च्या मासळीच्या कापास शिजवण्याचे आवरण नसते. कापलेला पृष्ठभाग आहे तसाच खाणाऱ्यासमोर येतो. एका बाजूने घासलेल्या पात्याची धार अत्यंत पातळ करता येते. पोकळ पाठीस काप कमी चिकटतो आणि निसण्यावर त्या पाठीची केवळ कडच टेकत असल्याने धार लावणे सुकर होते. याची किंमतही आहे : जाड किंवा कठीण पदार्थात असे पाते एका बाजूस वळते, आणि उजव्या हातासाठी केलेली सुरी डावखुऱ्याच्या कामाची नसते.

मेइजी काळात हे समीकरण बदलले. १८७२ मध्ये सम्राटाने गोमांस सेवन केल्याचे जाहीर झाले आणि मांसाहारास प्रतिष्ठा आली. मांसासाठी युरोपीय धर्तीची, दुतर्फी उताराची ‘ग्यूतो’ प्रचारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी रूढ झालेली ‘सांतोकू’ ही तशीच दुतर्फी आहे. एकतर्फी सुरी मुख्यतः व्यावसायिक आचाऱ्यांच्या हाती राहिली. म्हणजे ताटातील पदार्थ बदलले तसा पात्याचा उतारही बदलला.

साकाईत घडाई करणारा लोहार व धार काढणारा घासणीकार हे परंपरेने वेगळे कारागीर होत. मूठ बसविणे हे तिसरे काम. पात्याची पोकळी व उताराची रेषा अखेरीस घासणीकाराच्या हातून सिद्ध होते. १९८२ मध्ये साकाईच्या धंद्यास पारंपरिक हस्तोद्योग म्हणून शासकीय मान्यता मिळाली. तथापि तरवारीच्या वारशाची कथा जोवर प्रमाण मानली जाईल, तोवर या घासणीकाराचे श्रेय योद्ध्याच्या खाती जमा होत राहील.