जे घडलेच नाही त्याची नोंद : १९८९ची निवड आणि डेट्रॉइटचे दोन बचावपटू

१७ जून १९८९. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ब्लूमिंग्टन येथे एका बंदिस्त क्रीडागृहात आइस हॉकीच्या एकवीस व्यावसायिक संघांचे प्रतिनिधी आपापल्या टेबलांमागे बसले होते. त्या दिवशी तेथे २५२ तरुणांची नावे पुकारली गेली. ५३वे नाव एका सडपातळ स्वीडिश मुलाचे होते, २२१वे सोव्हिएत सैन्यदलाच्या संघातील एका खेळाडूचे. दोघेही बचावपटू आणि दोघांनाही निवडणारा संघ एकच : डेट्रॉइट रेड विंग्ज. त्या दोघांची आणि त्यांना पारखणाऱ्या नजरेची ही कथा. थ्रेड.

आपल्याकडे हॉकी म्हटले की ध्यानचंद आणि मैदान डोळ्यांसमोर येते. येथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. एका वेळी संघाचे सहा जण बर्फावर असतात : गोलरक्षक, तीन आघाडीपटू आणि दोन बचावपटू. चेंडूऐवजी रबराची चपटी, टणक चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. बचावपटूंची जोडी मिनिटभराच्या आत थकून बाहेर येते आणि दुसरी जोडी आत जाते. त्यामुळे कोणती जोडी कोणासमोर उतरवायची, हा प्रशिक्षकाचा मोठा डाव असतो. पुढे १९९७च्या प्रसंगी हे उपयोगी पडेल, म्हणून ध्यानात ठेवावे.

आता ‘ड्राफ्ट’ म्हणजे काय? आयपीएलच्या लिलावासारखी येथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेका तरुण खेळाडूवर हक्क सांगतात आणि सर्वसाधारणपणे दुबळ्या संघाची पाळी आधी येते. एकदा नाव घेतले की नॅशनल हॉकी लीगमध्ये त्या मुलाशी करार करण्याचा हक्क त्याच संघाकडे राहतो. मुलाला विचारण्याची पद्धत नाही. मुले बहुधा अठरा-एकोणीस वर्षांची असतात. म्हणजे जो खेळाडू अद्याप घडलेलाच नाही, त्याच्यावर निकाल द्यायचा असतो.

हा निकाल सर्वांत कठीण असतो बचावपटूच्या बाबतीत. आघाडीपटूचे गोल मोजता येतात. बचावपटूचे काम मात्र जे घडू दिले नाही त्यात असते. त्याने वेळेवर काठी आडवी घातली म्हणून जो पास गेलाच नाही, तो योग्य जागी उभा होता म्हणून ज्या हल्लेखोराने वाटच बदलली, त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची आहे. जे बंड झालेच नाही, जो दुष्काळ वेळीच टळला, त्याचे दफ्तर सापडत नाही. म्हणूनच धडका देणारा, दांडगा, नजरेत भरणारा बचावपटू निवडण्याकडे संघांचा कल असे. धडक निदान दिसते तरी.

तो स्वीडिश मुलगा म्हणजे निक्लास लिडस्ट्रॉम. वय एकोणीस. व्हेस्तेरॉसच्या वरिष्ठ संघात तो नुकताच शिरला होता आणि कोणाचे लक्ष वेधावे असे आकडे त्याच्या नावावर नव्हते. अंगकाठीही धाक बसावा अशी नव्हती. त्याला हेरले ते डेट्रॉइटसाठी स्वीडनमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्टर रॉकस्ट्रॉम या स्काऊटने. त्याच्या शिफारशीवरून संघाच्या निवडयंत्रणेचे प्रमुख नील स्मिथ यांनीही त्याच्यावर विश्वास टाकला. पक पायाशी आल्यावर या मुलाची तारांबळ उडत नव्हती. मागे वळून, डोके वर करून, तो सर्वांत सोपा पास देत होता. अशी गोष्ट आकड्यांत मावत नाही. ती कोणीतरी थंड क्रीडागृहात बसून रात्रीमागून रात्री पाहावी लागते.

मग त्याला तिसऱ्या फेरीपर्यंत का ठेवले? आणि तिसऱ्याच फेरीत का घेतले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नियमात आहे. त्या काळी कोवळ्या वयाच्या युरोपीय खेळाडूंना सहसा पहिल्या तीन फेऱ्यांतच निवडता येई. डेट्रॉइटने म्हणजे हाती असलेल्या शेवटच्या संधीला त्याचे नाव घेतले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके आहे, आणि विजयानंतर रचल्या गेलेल्या कथांत ते बहुधा गाळले जाते. लिडस्ट्रॉमला घेण्याआधी डेट्रॉइटच्या दोन पाळ्या होऊन गेल्या होत्या. अकराव्या क्रमांकावर त्यांनी माइक सिलिंजर हा आघाडीपटू घेतला (हा गृहस्थ पुढे बारा वेगवेगळ्या संघांकडून खेळला, तोही एक विक्रमच). बत्तिसाव्या क्रमांकावर त्यांनी एक बचावपटूच निवडला. पण तो लिडस्ट्रॉम नव्हता. तो होता बॉब बुगनर, कॅनडाचा, धिप्पाड आणि झुंजार. बुगनरची कारकीर्द पुढे अनेक वर्षे चालली, पण इतर संघांकडून; डेट्रॉइटसाठी तो लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. याचा अर्थ, ज्यांनी लिडस्ट्रॉमला ओळखले त्यांनीही त्याला पुरते ओळखले नव्हते. तो इतिहासातील श्रेष्ठ बचावपटूंपैकी एक होणार हे ठाऊक असते तर एकवीस क्रमांक थांबण्याचा जुगार कोणीही खेळला नसता.

इतरांची पारख याहून फसली. त्याच वर्षी व्हँकुव्हरने आठव्या क्रमांकावर जेसन हर्टर हा बचावपटू घेतला. लीगमध्ये त्याच्या वाट्याला आयुष्यभरात एक सामना आला. एडमंटनने पंधराव्या क्रमांकावर निवडलेला बचावपटू जेसन सूल्स याच्या नशिबी तोही नव्हता. या मुलांना हसण्याचे कारण नाही. अठराव्या वर्षी आपल्यावर लिहिल्या गेलेल्या टिपणाचे ओझे त्यांनी वाहिले, एवढेच.

आता त्या २२१व्या नावाकडे. व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह. वय बावीस. ‘सीएसकेए मॉस्को’ या सैन्यदलाच्या संघाचा खेळाडू, म्हणजे कागदोपत्री सोव्हिएत लष्कराचा माणूस. त्याच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याजोगे फारसे काही नव्हते. तो अमेरिकेत येणार कसा, हाच प्रश्न होता. त्या वर्षाचा वसंत आठवावा. मार्चमध्ये सर्गेई प्रियाखिनला सोव्हिएत अधिकाऱ्यांनी स्वतःहून कॅल्गरीला जाण्याची परवानगी दिली होती. मे महिन्यात अलेक्झांडर मोगिल्नी मात्र स्टॉकहोममधून परवानगीविना पळाला. बर्लिनची भिंत पडायला अजून पाच महिने होते. अशा वेळी सोव्हिएत खेळाडूचे नाव घेणे म्हणजे क्रीडाविषयक मतापेक्षा राजकीय भाकीतच अधिक होते.

डेट्रॉइटचे महाव्यवस्थापक जिम डेव्हेलानो यांचा हिशेब सरळ होता. शेवटच्या फेऱ्यांत निवडलेली कॅनडा-अमेरिकेची मुले बहुतेक वेळा लीगपर्यंत पोहोचतच नाहीत. मग तीच पाळी जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एखाद्यावर का लावू नये? आला तर सोने, न आला तर गमावले काय? या हिशेबाने त्यांनी चौथ्या फेरीत ७४व्या क्रमांकावर सर्गेई फेदोरोव्ह घेतला आणि अकराव्या फेरीत कॉन्स्टँटिनोव्ह. खेळाडूची किंमत आणि तो हाती लागण्याची शक्यता या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या काढल्या. एकाच दिवसात केलेल्या या निवडींतील खरी बुद्धी येथे दिसते. लिडस्ट्रॉमच्या बाबतीत दृष्टीबरोबर थोडे दैवही होते.

कॉन्स्टँटिनोव्हच्या स्वभावाचा एक पुरावा मात्र आधीच जगासमोर आला होता. ४ जानेवारी १९८७ रोजी चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत आणि कॅनडाच्या मुलांची अशी मारामारी जुंपली, की आयोजकांना क्रीडागृहाचे दिवे मालवावे लागले. अंधारातही मारामारी थांबेना. दोन्ही संघ बाद झाले. त्या गर्दीत कॉन्स्टँटिनोव्ह अग्रभागी होता. सोव्हिएत खेळाडू कुशल पण मवाळ, हा उत्तर अमेरिकेतला लाडका समज त्याच्या बाबतीत तरी टिकणारा नव्हता.

फेदोरोव्ह १९९०च्या उन्हाळ्यात पोर्टलंड शहरातून निसटला. कॉन्स्टँटिनोव्हची वाट अधिक बिकट होती, कारण लष्करी सेवेतून पळणे म्हणजे फितुरी. डेट्रॉइट संघाच्या लोकांनी पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे, पैसे चारून मॉस्कोतील डॉक्टरांकडून त्याला गंभीर आजार असल्याचे लिहून घेण्यात आले आणि त्या कागदांच्या आधारे त्याची सुटका झाली. १९९१मध्ये तो डेट्रॉइटला पोहोचला. त्याच वर्षी लिडस्ट्रॉमही आला. वर्ष संपण्याआधी सोव्हिएत संघराज्यच उरले नव्हते.

पहिल्याच हंगामात लिडस्ट्रॉमने ६० गुण मिळवले आणि नवोदितांच्या पुरस्कारात तो पावेल बुरेपाठोपाठ दुसरा आला. येथे एका जुन्या खेळाडूचा उल्लेख करायलाच हवा. ब्रॅड मॅक्रिमन हा मुरलेला बचावपटू त्याच्या जोडीला होता. नवखा मुलगा पुढे सरसावला की मागची बाजू हा सांभाळी. तरुणाला कोणाच्या शेजारी उभे केले, यावर त्याचे भवितव्य किती अवलंबून असते, हे निवडीच्या दिवशीच्या कोणत्याही टिपणात लिहिलेले नसते.

कॉन्स्टँटिनोव्ह या काळात लीगमधल्या आघाडीपटूंना नकोसा झाला होता. तो खेळत असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक आणि खाल्ला तर उणे एक, असा एक ढोबळ हिशेब या खेळात ठेवतात. १९९५-९६च्या हंगामात त्याचा आकडा होता अधिक ६०, लीगमध्ये सर्वाधिक. हा आकडाही जपूनच वाचावा. तो एकट्याचा नसतो, बर्फावरच्या पाचही जणांचा असतो. आणि त्या वर्षी डेट्रॉइटने तब्बल ६२ सामने जिंकले होते. तरीही पुढच्या हंगामाअखेर सर्वोत्तम बचावपटूच्या नॉरिस करंडकासाठी झालेल्या मतदानात तो दुसरा आला. लिडस्ट्रॉम तेव्हाही बराचसा सावलीतच होता.

आणि मग जून १९९७. स्टॅनले चषकाच्या अंतिम फेरीत समोर फिलाडेल्फिया. त्यांचा एरिक लिंड्रॉस म्हणजे चालता डोंगर. त्याच्या तिकडीची दहशत साऱ्या लीगमध्ये होती. डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्याच्यावर आपला धडकबाज कॉन्स्टँटिनोव्ह सोडणार, असेच सर्वांनी गृहीत धरले होते. बोमन यांनी उतरवले लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी यांना. दोघेही धडकांसाठी मुळीच प्रसिद्ध नव्हते. मर्फीला तर काही महिन्यांपूर्वी टोरांटोत त्याच्याच संघाचे प्रेक्षक हुर्यो करून हैराण करत होते. बोमन यांचा विचार असा, की डोंगराशी टक्कर घ्यायचीच नाही. पक आधी गाठायचा आणि तो पोहोचण्यापूर्वी शांतपणे पुढे धाडायचा. पक नसेल तर डोंगर काय करणार?

डेट्रॉइटने चारही सामने जिंकले. लिंड्रॉसने अख्ख्या मालिकेत एक गोल केला, तोही शेवटच्या सामन्याच्या अखेरच्या अर्ध्या मिनिटात. बेचाळीस वर्षांनी चषक शहरात परतला. आठ वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये रॉकस्ट्रॉमने पाहिलेला तोच सोपा पास होता. फक्त आता तो साऱ्या जगासमोर दिला जात होता.

सहा दिवसांनी, १३ जून रोजी, संघाच्या मेजवानीहून परतणारी भाड्याची लांबलचक मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली. चालकाचा परवाना आधीच निलंबित झालेला होता. आत होते कॉन्स्टँटिनोव्ह, त्याचा ज्येष्ठ सहकारी फेतिसोव्ह आणि संघाचे मालीशतज्ज्ञ सर्गेई म्नात्साकानोव्ह. फेतिसोव्ह बचावला. कॉन्स्टँटिनोव्ह आणि म्नात्साकानोव्ह यांच्या मेंदूला जबर इजा झाली. कॉन्स्टँटिनोव्ह तीस वर्षांचा होता, बचावपटूच्या ऐन बहराच्या वयात. तो पुन्हा कधी खेळला नाही. पुढच्या वर्षी डेट्रॉइटने वॉशिंग्टनमध्ये पुन्हा चषक जिंकला, तेव्हा त्याला चाकांच्या खुर्चीत बर्फावर आणले गेले आणि कर्णधार स्टीव्ह आयझरमनने चषक त्याच्या मांडीवर ठेवला.

लिडस्ट्रॉमची पारख मतदारांना व्हायला आणखी काळ लागला. १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षे तो नॉरिस करंडकात दुसरा राहिला. पहिला करंडक मिळाला तेव्हा २००१ साल उजाडले होते आणि त्याने तिशी ओलांडली होती. त्यानंतर मात्र एकूण सात. २००२मध्ये चषकाच्या सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा तो पहिला युरोपीय ठरला. १,५६४ सामने तो खेळला, सगळे एकाच संघाकडून. आणि एवढ्या वीस हंगामांत त्याने शिक्षेसाठी बाहेर बसून काढलेली मिनिटे अवघी ५१४. बचावपटूच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ अविश्वसनीय वाटतो.

ज्यांनी त्याला हेरले ते नील स्मिथ तोवर कधीच डेट्रॉइट सोडून गेले होते. १९८९च्याच उन्हाळ्यात ते न्यूयॉर्क रेंजर्सचे महाव्यवस्थापक झाले आणि रॉकस्ट्रॉमही त्यांच्याकडेच गेला. आपण निवडलेल्या मुलाची भरभराट दोघांनीही प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावरून पाहिली.

मार्च २०१४मध्ये लिडस्ट्रॉमचा ५ क्रमांक समारंभपूर्वक क्रीडागृहाच्या छताला लावण्यात आला. कॉन्स्टँटिनोव्हच्या १६ क्रमांकासाठी असा समारंभ झाला नव्हता. पण त्याच्यानंतर डेट्रॉइटच्या कोणत्याही खेळाडूने तो अंगावर घातलेला नाही.