सब्रिनाचा कायदा

सब्रिनाचा कायदा : जीवघेणी ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांच्या संरक्षणासाठी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताने केलेला कायदा. तो २००५ मध्ये मंजूर झाला व १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. ॲलर्जीबाबत शाळेने काय करायचे व पालकांनी काय करायचे, याची कायदेशीर वाटणी करणाऱ्या सुरुवातीच्या कायद्यांत त्याची गणना होते.

वैद्यकीय बाजू : ॲनाफिलॅक्सिस ही ॲलर्जीची सर्वांत तीव्र प्रतिक्रिया होय. अंगावर गांधी उठणे, ओठ व घसा सुजणे, धाप लागणे, ओकाऱ्या होणे, रक्तदाब झपाट्याने उतरणे ही तिची लक्षणे असून ती काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. एपिनेफ्रिन (ॲड्रिनॅलिन) हा तिच्यावरचा पहिला उपचार. ऑटो-इंजेक्टर या पेनासारख्या साधनाने ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस, गरज पडल्यास कपड्यावरूनही, टोचता येते. ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. काही वेळा लक्षणे ओसरून पुन्हा उफाळतात; म्हणून इंजेक्शनाने बरे वाटले तरी रुग्णाला रुग्णालयात न्यावेच लागते.

पार्श्वभूमी : सब्रिना शॅनन ही पेम्ब्रोक येथील तेरा वर्षांची विद्यार्थिनी. तिला शेंगदाणे, सोयाबीन व दुग्धजन्य पदार्थांची ॲलर्जी होती आणि दमाही होता. आपल्या ॲलर्जीविषयी तिने सीबीसी रेडिओसाठी एक माहितीपटही केला होता. सप्टेंबर २००३ मध्ये तिने शाळेच्या उपाहारगृहात तळलेले बटाट्याचे काप खाल्ले. तेथे पुटीनही मिळत असे. तळलेल्या कापांवर चीजचे तुकडे व ग्रेव्ही घालून केलेला हा कॅनडाचा लोकप्रिय पदार्थ. पुटीन वाढण्याच्या चिमट्याला लागलेला दुधाचा अंश तिच्या कापांत गेला असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला. त्रास सुरू झाला तेव्हा तो आधी दम्याचा वाटला. ऑटो-इंजेक्टर तिच्या लॉकरमध्ये होता. तो आणेपर्यंत ती कोसळली आणि नंतर रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तिच्या आईने केलेल्या पाठपुराव्यामुळे या प्रश्नाला लोकांचा पाठिंबा मिळाला. डेव्ह लेव्हॅक या आमदारांनी मांडलेल्या खाजगी विधेयकातून हा कायदा झाला.

शाळेची जबाबदारी : प्रत्येक शिक्षण मंडळाने ॲनाफिलॅक्सिसविषयी धोरण ठरवणे बंधनकारक आहे. ॲलर्जीकारक पदार्थांशी संपर्क टाळण्याचे उपाय, पालक-विद्यार्थी-कर्मचाऱ्यांपर्यंत माहिती पोचवण्याची व्यवस्था आणि विद्यार्थ्यांच्या नित्य संपर्कात येणाऱ्या सर्वांचे नियमित प्रशिक्षण ही या धोरणाची अंगे होत. मुख्याध्यापकांनी जीवघेणी ॲलर्जी असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र आराखडा करायचा असतो. ॲलर्जी कशाची, ती कशी टाळायची, प्रसंग ओढवल्यास काय करायचे व औषध कोठे ठेवायचे, हे त्यात लिहिलेले असते. डॉक्टरांच्या सूचना व तातडीच्या संपर्काची यादी असलेली फाईलही शाळेत ठेवावी लागते.

पालकांची जबाबदारी : प्रवेशाच्या वेळी जीवघेण्या ॲलर्जीची विचारणा करणे हे मुख्याध्यापकांचे कर्तव्य; माहिती पुरवणे हे पालकांचे. ही जबाबदारी एकदा अर्ज भरून संपत नाही. मूल घेत असलेल्या औषधांनुसार फाईलमधील माहिती अद्ययावत राहील, हे पाहण्याचे बंधन कायद्याने पालकांवर व स्वतः विद्यार्थ्यावर घातले आहे. कर्मचाऱ्यांनी औषध द्यावे यासाठी पालकांची किंवा विद्यार्थ्याची पूर्वसंमती घेतली जाते. मात्र ॲनाफिलॅक्सिस झाल्याचे मानण्यास कारण असेल, तर संमती नसतानाही कर्मचारी त्या विद्यार्थ्यासाठी लिहून दिलेले औषध देऊ शकतो. सद्भावनेने केलेल्या अशा कृतीबद्दल त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. घोर निष्काळजीपणा हा त्याला अपवाद.

मर्यादा : कोणत्याही खाद्यपदार्थावर हा कायदा सरसकट बंदी घालत नाही आणि इतर मुलांच्या पालकांवर थेट बंधनही टाकत नाही. ‘शेंगदाणे आणू नयेत’ यासारखे नियम शिक्षण मंडळ किंवा शाळा आपापल्या धोरणात करतात. बंदीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. सब्रिनाच्या बाबतीत घात झाला तो उघड दिसणाऱ्या पदार्थाने नव्हे, तर वाढण्याच्या साधनाने आणि जवळ नसलेल्या औषधाने. म्हणून कायद्याचा भर पदार्थांच्या यादीपेक्षा माहिती, सराव व औषधाची उपलब्धता यांवर आहे.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने : टोरांटो परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या नियमांची गाठ डब्यापाशी पडते. दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी व कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, संक्रांतीचे तिळगूळ यांतील घटक कॅनडाच्या प्रमुख ॲलर्जीकारकांच्या यादीत आहेत. त्या यादीत मोहरीही आहे, त्यामुळे फोडणीची पोळी वा पोहेही विचारात घ्यावे लागतात. भारताच्या २०२० च्या लेबल-नियमांतील ॲलर्जीकारकांत शेंगदाणे आहेत. तीळ व मोहरी नाहीत. साहजिकच भारतातून सामानात नेलेल्या पाकिटावर केवळ इशारा नाही म्हणून तो पदार्थ निर्धोक ठरत नाही.

इतरत्र : इंग्लंडमध्ये २०१४ च्या बालक व कुटुंब कायद्याने आजारी विद्यार्थ्यांसाठी व्यवस्था करण्याचे कर्तव्य शाळांवर आले आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून ब्रिटनमधील शाळांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय राखीव ऑटो-इंजेक्टर विकत घेण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत २०१३ च्या संघीय कायद्याने राखीव एपिनेफ्रिन ठेवणाऱ्या राज्यांना उत्तेजन दिले. कॅनडातच अल्बर्टा प्रांताचा असा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत किमान एक राखीव ऑटो-इंजेक्टर असावा, असे त्यात बंधन आहे. सब्रिनाच्या कायद्यात ते नाही. ऑन्टॅरिओत विद्यार्थ्याचे औषध शाळेत पोचवणे व मुदत संपताच बदलणे हे काम प्रामुख्याने पालकांकडेच राहते.