व्यवसायातील नेतृत्व आणि मेंढा (लेखा) येथील बांबू-व्यवहार

व्यवसायाच्या अग्रस्थानी असलेल्या व्यक्तीचे कर्तृत्व भांडवल, उत्पादन आणि नफा या मापांनी मोजण्याचा प्रघात आहे. ही मापे पुरेशी आहेत काय, याचा विचार करण्यास चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूचा इतिहास साहाय्यभूत होतो.

१९४५ साली बल्लारपूर येथे कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. तिच्या चालकांपुढील आद्य प्रश्न कच्च्या मालाचा होता. शासनाकडून मिळालेल्या पट्ट्यांतील बांबूने तो सुटला. या व्यवस्थेत निर्णय दूरस्थ राहिला आणि जंगलालगतच्या गोंड ग्रामस्थाच्या वाट्यास केवळ तोडणीची मजुरी आली.

१९२७ च्या वन कायद्याने बांबूची गणना वृक्षांत केली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यास गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु वाहतूक परवान्यावाचून तो हक्क व्यापाराच्या दृष्टीने निष्फळ होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि कालचा मजूर विक्रेता झाला.

हे अकस्मात घडले नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून गावात दोन कार्ये पृथक् ठेवली गेली. अभ्यासगटाने विषय समजून घ्यावा, निर्णय मात्र करू नये. निर्णय ग्रामसभेने, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने करावा. जाणकाराचा शब्द अशा रीतीने सल्लाच राहिला, आज्ञा झाला नाही.

यावर आक्षेप संभवतो की, सर्वसहमतीस विलंब लागतो आणि बाजार थांबत नाही. आक्षेप सार्थ आहे. शिवाय सहस्रावधी कामगारांचा कारखाना लहानशा गावाच्या रीतीने चालणार नाही. परंतु विलंबाने झालेला निर्णय पाळण्यास पहारेकरी लागत नाही, हेही तितकेच खरे. २०१३ मध्ये याच गावाने ग्रामदानाचा मार्ग पत्करून खाजगी शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे सोपविण्याचे ठरविले. असा निर्णय कोणत्याही प्रमुखाच्या हुकमाने होत नसतो.

तात्पर्य, उच्चपदस्थाची परिणामकारकता त्याच्या आज्ञेच्या वेगात नसून, ज्यांना निर्णयाचे फळ भोगावयाचे त्यांना तो आधी तपासता व नाकारता यावा, अशी व्यवस्था उभारण्यात आहे. नफ्याच्या ताळेबंदात या व्यवस्थेस रकाना नाही. मात्र परवाना हाती येताच मेंढ्याची ग्रामसभा व्यवहारास उभी राहू शकली, ती याच पूर्वतयारीच्या बळावर.