पेट्रोलच्या टाकीत बुडालेली विजेची मोटर: जुन्या मस्टँगचा फ्युएल पंप कसा बदलतात?

हायवेवर गाडी सुसाट चाललीय. ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला आणि पुढे झेपावण्याऐवजी गाडीने आचका दिला. पाय सैल केला की पुन्हा सगळं ठीक. काही दिवसांनी सकाळी सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय, चालू व्हायचं नाव नाही. तीस-पस्तीस वर्षं जुन्या, ताकदवान पेट्रोल गाड्या सांभाळणाऱ्यांना ही लक्षणं चांगली ठाऊक असतात. आणि संशय जातो तो पेट्रोलच्या टाकीत बुडालेल्या इलेक्ट्रिक पंपावर.

उदाहरण म्हणून अमेरिकेतली फोर्ड मस्टँग घेऊ. १९७९ ते १९९३ या काळातली मस्टँगची तिसरी पिढी 'फॉक्स बॉडी' नावाने ओळखली जाते. १९८६ पासून तिच्या ५.० लिटर व्ही-८ इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर मिळाला (नावात ५.०, प्रत्यक्षात ४,९४२ सीसी). १९८७ मध्ये हे इंजिन २२५ हॉर्सपॉवर देत होतं. गाडी हलकी आणि तुलनेने स्वस्त, त्यामुळे अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये सर्वाधिक खोललेल्या गाड्यांमध्ये तिची गणना होते.

टाकीच्या आतच का?

कार्ब्युरेटरच्या जमान्यात पंप इंजिनाला चिकटलेला असे. तो इंजिनाच्या फिरण्यावरच चाले आणि जेमतेम ५-६ पीएसआय दाब देई. कार्ब्युरेटरला तेवढा पुरायचा. इंजेक्टरला मात्र पेट्रोल जोराने फवारायचं असतं. या मस्टँगमध्ये तो दाब साधारण ३९ पीएसआय, म्हणजे आपल्या कारच्या टायरमध्ये असते त्याहून थोडी जास्तच हवा समजा.

पंपाला ढकलणं जमतं, ओढणं तितकं जमत नाही. लांबून ओढताना नळीतला दाब घटतो आणि गरम पेट्रोलची वाफ होते. वाफेचा बुडबुडा पंपात शिरला की पुरवठा तुटतो. पंप पेट्रोलमध्येच बुडवला की हा प्रश्न मिटतो. शिवाय तेच पेट्रोल मोटरमधून वाहताना तिला थंड ठेवतं, वंगणाचंही काम करतं. म्हणूनच कायम रिझर्व्हवर गाडी पळवणं पंपासाठी वाईट. टाकीत पेट्रोल कमी म्हणजे मोटर तापणार.

मग टाकीत ठिणगी पडून स्फोट का होत नाही? मोटरच्या ब्रशपाशी बारीक ठिणग्या खरोखरच पडतात. पण जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि चालू पंपाच्या पोटात असतं ते फक्त पेट्रोल. टाकीतल्या रिकाम्या जागेतही बहुतेक वेळा वाफ इतकी दाट असते की ती पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच भडकते. त्याहून जास्त झाली तर मिश्रणात हवाच पुरत नाही.

हेच गणित टाकी उघडल्यावर उलटतं. बाहेरची हवा आत शिरते, वाफ बाहेर पसरते आणि कुठेतरी ते घातक प्रमाण जुळून येतं. त्यामुळे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

पंपच गेलाय कशावरून?

टाकी उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासाव्यात. चावी फिरवली की कॉम्प्युटर पंप सुमारे दोन सेकंद चालवतो. मागून तो बारीक 'झुंईं' आवाज येतो का, हे ऐकायचं. येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघायचा. १९९१ पर्यंतच्या गाड्यांत रिले ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. दुसरी जागा डिकीत, डाव्या बाजूला. तिथे धक्का बसला की पंपाची वीज तोडणारा एक स्विच असतो. अपघातात पेट्रोल वाहत राहू नये म्हणून तो दिलाय, पण कधी पार्किंगमध्ये मागून बसलेल्या ठोकरीनेही तो उडतो. वरचं बटण दाबलं की काम झालं. नवा पंप घालूनही गाडी चालू होत नाही आणि शेवटी हे बटण सापडतं, असेही किस्से घडतात.

आवाज येतोय पण गाडी ओढत नाही, तर इंजिनावरच्या फ्युएल रेलला टायरच्या व्हॉल्व्हसारखा एक व्हॉल्व्ह असतो, तिथे प्रेशर गेज लावायचा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ३९ पीएसआयच्या आसपास दाब दिसला पाहिजे. उभ्या गाडीत दाब बरोबर आणि जोर लावताना पडतो, असं असेल तर आधी फिल्टर बदलून बघावा. शेवटचा संशयित वायरिंग. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर किती व्होल्ट पोहोचतात, ते मल्टिमीटरने मोजायचं. बॅटरीपाशी साडेतेरा आणि पंपापाशी अकरा असतील, तर दोष गंजलेल्या अर्थिंगचा किंवा जुन्या वायरचा आहे. नवा पंपही तिथे तसाच रडेल.

मोठा पंप म्हणजे जास्त पॉवर?

नाही. या गाडीचा मूळ पंप ताशी ८८ लिटरचा. २२५ हॉर्सपॉवरला पूर्ण जोरात ताशी साधारण ७० लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे मूळ इंजिनाला मूळ पंप पुरतो. बाजारात १९० आणि २५५ लिटरचे पंप सहज मिळतात, पण उरलेलं पेट्रोल परतीच्या नळीने टाकीतच जातं, इंजिनात एक थेंबही जास्त जात नाही. टर्बो किंवा सुपरचार्जर बसवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण पातळ होतं, सिलिंडर तापतो आणि पिस्टनला भोक पडू शकतं. अशा इंजिनावर पंपाचे पैसे वाचवणं महागात पडतं. नावाजलेल्या ब्रँडच्या नकली पंपांचाही सुळसुळाट आहे, त्यामुळे किंमत संशयास्पद वाटली तर ती संशयास्पदच असते.

टाकी खाली कशी येते?

भारतातल्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागची सीट उचलली की खाली झाकण असतं आणि पंप थेट हाताला लागतो. फॉक्स बॉडीत तशी सोय नाही. टाकी डिकीच्या खाली, तिचं तोंड बॉडीच्या पत्र्याआड. ५८ लिटरची टाकी भरलेली असेल तर नुसत्या पेट्रोलचंच वजन चाळीस किलोंच्या वर. त्यामुळे काटा तळाला आल्यावरच हे काम काढतात.

सुरुवात दाब उतरवण्यापासून. धक्क्याच्या स्विचचा कनेक्टर काढून इंजिन चालू करायचं, ते आपोआप बंद पडतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. काम उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत लांब जाते आणि बंद गॅरेजमधल्या गीझरची किंवा हीटरची ज्योत तिला पुरते. पिवळा बल्बही नको, फुटला की तापलेली तार उघडी पडते. गाडी जॅकवर नाही, घोड्यांवर उभी करायची.

उरलेलं पेट्रोल काढून, भरायच्या नळीचे बोल्ट सोडून, टाकीखाली लाकडाची फळी ठेवून जॅकचा आधार द्यायचा आणि दोन पट्टे सोडायचे. टाकी थोडी खाली आली की वायर, वाफेची नळी आणि पेट्रोलच्या जाण्या-येण्याच्या दोन नळ्या निघतात. या नळ्यांच्या जोडांत स्प्रिंग असते. त्यासाठीचं प्लॅस्टिकचं खास हत्यार स्वस्तात मिळतं. ते नसताना स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की जोड गळायला लागतो.

पंपाचं तोंड उघडण्याआधी टाकी वरून स्वच्छ पुसायची. तिच्यावर कित्येक वर्षांची धूळ असते आणि ती सरळ आत पडते. लॉक रिंग फिरवायला पितळी सळई किंवा लाकूड, कारण लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी. पंप तिरका करत बाहेर येतो. टाकीच्या तळाशी गंज दिसला तर नवा पंप घालून उपयोग नाही, आधी टाकी साफ करा किंवा बदला.

एक शॉर्टकट सगळ्यांना मोहात पाडतो. डिकीचा पत्रा ग्राइंडरने कापून झाकण बनवायचं. खाली पेट्रोलची टाकी आणि वर ठिणग्यांचा पाऊस! समजा टाकी उतरवून कापलं, तरी टाकी आणि माणसं यांच्यामधला पत्रा कायमचा कमजोर होतो. चार बोल्ट वाचवायला हा सौदा वाईट आहे.

बसवताना चुकतं ते कुठे?

बहुतेक वेळा नळीच्या एका छोट्या तुकड्यात. पंपापासून झाकणापर्यंतची नळी आतून-बाहेरून पेट्रोलमध्ये बुडालेली असते. बाहेरची साधी फ्युएल नळी फक्त आतून पेट्रोल सोसते, ती काही महिन्यांत फुगून मऊ पडते आणि पंप टाकीतल्या टाकीतच पेट्रोल गोल फिरवत बसतो. इथे ३०आर१० दर्जाचीच नळी लागते. भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं, त्यामुळे जुन्या गाडीत पंप, नळी आणि रबर रिंग इथेनॉल सोसणारी आहे ना, हेही बघावं लागतं.

तळाची जाळी नवी, झाकणाची रबर रिंग नवी. जाळी मुडपली तर काटा पाव टाकी दाखवत असतानाही वळणावर गाडी पेट्रोल मागते.

टाकी चढवली, सगळे जोड 'टक' वाजून बसले, की पंधरा-वीस लिटर पेट्रोल घालायचं आणि लगेच सेल्फ मारायचा नाही. चावी चार-पाच वेळा चालू-बंद करायची. दर वेळी पंप दोन सेकंद चालतो, नळ्या भरतात. तोवर दुसऱ्या माणसाने गाडीखाली टॉर्च मारून प्रत्येक जोड बघायचा. अग्निशामक हाताशी हवा. जोड कोरडे, गेजवर दाब बरोबर आणि चावी बंद केल्यावर तो दाब टिकून राहिला, की मगच इंजिन चालू करायचं.