‘कादंबरी’ : एका संज्ञेचा इतिहास

‘कादंबरी’ हे मुळात विशेषनाम. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाचा अपूर्ण राहिलेला व पुढे त्याच्या पुत्राने पूर्ण केलेला गद्यग्रंथ, आणि त्या ग्रंथाची नायिका, या दोहोंचे ते नाव. संस्कृत साहित्यशास्त्राने हा ग्रंथ ‘कथा’ या प्रकारात घातला. बाणाचेच ‘हर्षचरित’ मात्र ‘आख्यायिका’ मानले. कथेचा विषय कल्पित, आख्यायिकेचा घडलेला, असा हा भेद दंडीने ‘काव्यादर्शा’त अमान्य केला. मराठीत या संज्ञा उतरल्या त्या अर्थ पालटून. पुराव्याचा आधार नसलेल्या गोष्टीला ‘आख्यायिका’ म्हणण्याचा, म्हणजे जवळजवळ उलटा, प्रघात पडला. आणि बंगालीने ‘उपन्यास’ व गुजरातीने ‘नवलकथा’ स्वीकारली असता मराठीने, कन्नडप्रमाणेच, एका ग्रंथाचे नाव संपूर्ण वाङ्मयप्रकाराला दिले.

हे नाव रुळण्यास काळ लागला. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’च्या (१८५७) उपशीर्षकात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे ‘निरूपण’ असा निर्देश आहे. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये या प्रकाराची चिकित्सा केली ती ‘नावल’ या शब्दाने. वि. का. राजवाडे यांच्या १९०२ मधील निबंधाचे शीर्षक मात्र ‘कादंबरी’ असे आहे.

ही वाटचाल ध्यानात घेतली म्हणजे ‘पहिली मराठी कादंबरी कोणती?’ या परीक्षेतल्या ठरीव प्रश्नाचे स्वरूप बदलते. बाणाच्या कृतीशी असलेले नाते, म्हणजे अद्भुतरम्यता, आदर्श प्रेमिक, वियोग व पुनर्मीलन, हा निकष धरला, तर लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) या नावाला अधिक शोभते. भोवतालच्या समाजाचे दर्शन हा निकष धरला, तर मान ‘यमुनापर्यटना’कडे जातो. उत्तर कृतीत जेवढे असते तेवढेच व्याख्येतही असते.

म्हणून संज्ञेची व्याख्या पाठ करणे अभ्यासाला पुरेसे होत नाही; ती व्याख्या कोणत्या कृतींवरून घडली आणि कोणत्या कृतींना बाहेर ठेवते, हेही विचारावे लागते. ‘यमुनापर्यटना’पुरते सांगायचे तर, विधवांच्या हालअपेष्टांचे कथन वाङ्मय म्हणून वाचायचे की धर्मप्रसाराचे वा सुधारणेचे साधन म्हणून बाजूला ठेवायचे, याचा निर्णय त्या एका शब्दाच्या अर्थात आधीच होऊन गेलेला असतो.